गेलेला सूर परत येतो का?



आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक राहतात. गाण्याचे दर्दी. एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. हातात एका यंत्राचं माहितीपत्रक होतं. "तुम्ही या विषयातले. एवढंच सांगा, हे घेऊ का?" ते यंत्र सीडीच्या आवाजाचं अपसॅम्पलिंग करणारं होतं. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, हे यंत्र त्यांचे १,९२,००० करतं, म्हणजे आवाज चौपटीहून अधिक सुधारतो, असं दुकानदारानं त्यांना पटवलं होतं. किंमत त्यांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढी!

तेव्हा आधी त्या आकड्यांविषयी बोलू. आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. ते सेकंदाला ठरावीक वेळा मोजून आकड्यांत लिहून ठेवायचे, हे झालं डिजिटल ध्वनिमुद्रण. एकेक मोजणी म्हणजे एकेक सॅम्पल, नमुना. ४४,१०० हा आकडा कुणाला स्वप्नात दिसलेला नाही. सीडी घडत होती तेव्हा एवढे आकडे साठवायला सोयीची होती ती व्हिडिओ टेप. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने, अशा २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून पाहा.

एवढे नमुने पुरतात का? माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. तेही तरुणपणी. साठीनंतर बहुतेकांची वरची बरीच पट्टी गेलेली असते, पण हे मी काकांना सांगितलं नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली गणितानं दाखवलं, की आवाजातल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले, तर त्या नमुन्यांतून मूळ आवाज पुरता उभा करता येतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्याला वाटतं, दोन ठिपक्यांच्या मधलं काहीतरी हरवलं, आवाजाचा जिना झाला, आणि अपसॅम्पलिंग त्या पायऱ्या बुजवतं. तसं नाही. त्या मर्यादेत राहून सगळ्या ठिपक्यांतून जाणारी वळणदार रेषा एकच असते. मधलं काही हरवलेलंच नाही. नवे नमुने जुन्यांवरूनच हिशोबानं काढलेले असतात. नवा साक्षीदार येत नाही, जुन्याचाच जबाब मोठ्या अक्षरांत लिहिला जातो.

मग हे सगळं थोतांड का? तर नाही, आणि गंमत इथेच आहे. आकड्यांचा पुन्हा आवाज करताना मूळ आवाजाच्या वर त्याच्या नको असलेल्या प्रतिमा उमटतात. त्या गाळाव्या लागतात. ऐकू येणारा आवाज २०,००० पर्यंत, आणि गाळणी २२,०५० च्या आत पूर्ण बंद व्हायला हवी. भरधाव लोकलला फलाटाच्या शेवटच्या दहा फुटांत उभं करण्यासारखंच ते. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये हे काम तीव्र उताराच्या अ‍ॅनालॉग गाळणीकडे होतं. फिलिप्सनं वेगळी वाट धरली. त्यांच्याकडे होती १४ बिटांची चिप, सीडी मात्र १६ बिटांची. त्यांनी नमुने आधी चौपट केले, १,७६,४००. त्यामुळे प्रतिमा फार वर सरकल्या, गाळणीला ऐसपैस जागा मिळाली, आणि राहिलेला गोंगाट मोठ्या पट्ट्यात पसरून ऐकू येणाऱ्या भागात कमी झाला. चौदा बिटांत जवळपास सोळांचं काम! अडचणीतून निघालेली ही युक्ती इतकी चांगली ठरली, की पुढे जवळपास प्रत्येक प्लेअरच्या आणि डॅकच्या पोटात ती जाऊन बसली.

म्हणजे काका जे वेगळं विकत घ्यायला निघाले होते, ते त्यांच्या प्लेअरमध्ये आधीपासून होतं. बाहेर एकदा करायचं, आत पुन्हा व्हायचं.

काही वेळा फरक पडतो, हेही कबूल करतो. डॅकमधली गाळणी सुमार असेल, तर संगणकावरचं चांगलं सॉफ्टवेअर ते काम अधिक नीट करतं. काही संगणक सगळं गाणं ४८,००० मध्ये घाईनं बदलतात, तिथे सेटिंग तपासावं. आणि हल्लीची गाणी इतकी जोरात मुद्रित केलेली असतात, की दोन नमुन्यांमधलं शिखर मर्यादेच्या वर जातं. अपसॅम्पल करण्यापूर्वी आवाज तीनेक डेसिबलनं उतरवला, की बहुतेक वेळा ती फाटाफूट टळते. फुकटचा उपाय आहे, म्हणून कुणी जाहिरात करत नाही.

काकांना हे पटेना. "अहो, दुकानात ऐकलं मी. तंबोरा किती मोकळा वाटला!" मग दुकानातून यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं. मीटर लावला तर त्यातून येणारा आवाज किंचित मोठा निघाला. किंचित मोठं ते आपल्याला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. दोन्ही आवाज सारखे केले, काकांना पाठमोरं बसवलं, नात बटण बदलत राहिली. वीस वेळांपैकी अकरा वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. नाणं उडवून साधारण तेवढंच जमतं.

मोठ्या प्रमाणावरही हे झालेलं आहे. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेत मुळातच जास्त नमुन्यांची ध्वनिमुद्रणं सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवली. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोग एकत्र करून थोडासा फरक ओळखू येतो असं दाखवलं, सुमारे ५२ टक्के. तोही खऱ्या मोठ्या मुद्रणांचा, नंतर वाढवलेल्यांचा नव्हे.

काकांचे स्पीकर होते शोकेसमध्ये, वर गणपती, बाजूला ट्रॉफ्या. ते बाहेर काढून स्टुलांवर ठेवले, भिंतीपासून हातभर पुढे, समोर फरशीवर सतरंजी. हा फरक ओळखायला नातीची गरज पडली नाही.

यंत्र परत गेलं. पण जाता जाता काकांनी खरं काय ते सांगितलं. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या १९८४ साली घरी कॅसेटवर घेतल्या होत्या. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून त्याची एमपीथ्री करून घेतली, कॅसेट तिथेच राहिली आणि गेली. फाइल अगदी लहान, आवाज डब्यातून आल्यासारखा. "यंत्रानं तो सुधारला असता, असं वाटलं होतं." मला पटकन बोलता आलं नाही. एमपीथ्री करताना जे कापून टाकलं, ते कुठल्याच हिशोबानं परत येत नाही.

मी विचारलं, "कुणाकडे दुसरी कॅसेट?" सांगलीच्या बहिणीकडे निघाली, गौरीच्या सामानात. घोडा जपून साफ केला, टेप दोनदा पुढेमागे फिरवली. अशा वेळी मात्र मोठे आकडे घ्यावेत. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना सेकंदाला ९६,००० नमुने आणि २४ बिट सुचवते. कॅसेटमध्ये तेवढं भरलेलं नसतं, पण मूळ वस्तू मोजताना हात आखडता घेऊ नये. शिवाय ही टेप पुन्हा किती वेळा वाजेल, कुणास ठाऊक.

वाजवली तर आवाज दबकाच. टेपच्या रेकॉर्डिंगशी डोक्याचा कोन जुळत नव्हता. डेकच्या हेडशेजारचा लहानसा स्क्रू हळूहळू फिरवत गेलो. पाव फेऱ्याला आवाज उघडला, आणि जात्याच्या घरघरीवर बांगड्या वाजू लागल्या. एमपीथ्रीत त्या नव्हत्या. काका म्हणाले, "थांबवा जरा." मग म्हणाले, "नको, चालू द्या."