खोडदच्या तबकड्या आणि विश्वाचा कंप

ज्यांच्यासाठी हा मांडव घातला आहे त्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

बक्षीस मिळालेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. नाटकातली मुलं रंगभूषा करून पडद्यामागे थांबली आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून फार विषय घेत नाही. एकच सांगतो, पण तो तुमच्या जुन्नर तालुक्यातला आहे.

२९ जून २०२३ या दिवशी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारत इथल्या खगोलशास्त्रज्ञांनी एकाच वेळी एक निष्कर्ष जाहीर केला. सगळं अवकाश सतत, अतिशय संथपणे आकुंचन-प्रसरण पावत आहे, याचे पुरावे त्यांना मिळाले होते. हे घडवणाऱ्या गुरुत्वीय लहरी इतक्या लांब आहेत की एक लहर आपल्यावरून पुढे सरकायला काही वर्षं लागतात. तुम्ही पहिलीत होता तेव्हा आलेली लहर कदाचित आज, तुम्ही बारावीत असताना, पुढे जात असेल. हे शोधणाऱ्या भारतीय गटाची दुर्बीण म्हणजे खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. शाळेत येता-जाता तुम्ही ज्या तबकड्या पाहता, त्याच.

हे मोजलं कसं, ते नीट समजून घेऊ. १९६७ साली केंब्रिजमध्ये जॉसलीन बेल या चोवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला दुर्बिणीच्या कागदी नोंदीत एक बारीक खूण दिसली. सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने ठोका पडत होता, आणि तो चुकत नव्हता. तो पहिला पल्सार. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान, पण रुंदी जेमतेम वीसेक किलोमीटर, असा मेलेल्या ताऱ्याचा स्वतःभोवती फिरणारा गाभा. पुढे १९८२ साली सेकंदाला तब्बल ६४२ फेऱ्या घेणारा पल्सार सापडला. तो शोधणाऱ्या गटात बर्कलीला शिकणारा एक विद्यार्थी होता, श्रीनिवास कुलकर्णी. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. २०२४ साली त्यांना शॉ पुरस्कार मिळाला. या दोन्ही शोधांच्या वेळी बेल आणि कुलकर्णी विद्यार्थी होते, याकडे मी मुद्दाम तुमचं लक्ष वेधतो.

अशा वेगवान पल्सारचे ठोके अणुघड्याळाच्या तोडीचे असतात. आता नारायणगावचं एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. एकच गाडी उशिरा आली तर दोष त्या गाडीचा. पण पुण्याची, नाशिकची, जुन्नरची अशा चारी दिशांच्या गाड्यांच्या वेळा एका ठरावीक मेळाने पुढे-मागे होऊ लागल्या, तर बिघाड गाड्यांत नाही, सगळ्यांखालच्या रस्त्यातच काहीतरी हलतंय, असं आपण म्हणू. पल्सारचे ठोके म्हणजे या गाड्या, आणि अवकाश म्हणजे हा रस्ता. युरोप आणि भारताच्या गटांनी आकाशाच्या वेगवेगळ्या भागांतले २५ पल्सार घेतले, जवळपास २५ वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या आणि कोणत्या दोन पल्सारांच्या वेळा एकमेकांशी कशा जुळतात ते तपासलं. शोधायचा फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान होता.

इतका सूक्ष्म फरक शोधताना खरा त्रास देतो तो ताऱ्यांमधला विरळ वायू. त्यातल्या इलेक्ट्रॉनांमुळे रेडिओ लहरी रेंगाळतात. कमी वारंवारतेच्या लहरी अधिक रेंगाळतात, आणि हा उशीर दर महिन्याला बदलतोही. तो अचूक मोजून वजा केला नाही, तर वायूची करामत आपण गुरुत्वीय लहरीच्या नावावर मांडू. हे मोजमाप करायला कमी वारंवारतेवर काम करणारी मोठी दुर्बीण लागते, आणि तिथे खोडदचा वाटा मोलाचा ठरला.

ही दुर्बीण उभी करणारे गोविंद स्वरूप. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या शास्त्रज्ञाने प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचं स्वप्न पाहिलं. भरीव पत्र्याच्या तबकड्या परवडल्या नसत्या. म्हणून त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरखंडांच्या आधाराने ताणून बसवण्याची रचना केली. तबकडी हलकी झाली, वारा आरपार जाऊ लागला, खर्च आटोक्यात आला. १४ तबकड्या मध्यभागी आणि १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, शेताशिवारांच्या मधोमध. परदेशी आराखडा न उचलता आपल्या ऐपतीत बसणारं आणि जगात पहिल्या रांगेत बसणारं यंत्र त्यांनी बनवलं. स्वतंत्र भारतातल्या विज्ञानाच्या सगळ्यांत अभिमानास्पद कामांत मी त्याची गणना करतो.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला इथून जाता येणार नाही. डोंगरांचा आडोसा आणि शहरी गोंगाटापासून अंतर, म्हणून ही जागा निवडली गेली. मोबाइल मनोरे, विजेच्या ठिणग्या, मोटारी यांचा रेडिओ गोंगाट आकाशातल्या क्षीण संकेतांना बुडवून टाकतो. नाशिक-पुणे लोहमार्गाची आखणी या दुर्बिणीमुळे अडली आणि या भागातली माणसं नाराज झाली. रेल्वे हवी, ही मागणी रास्तच आहे. दुर्बीण जपली पाहिजे, हेही तितकंच खरं आहे. या परिसराने विज्ञानासाठी जे सोसलं, त्याचा उल्लेख शोधनिबंधांत येत नाही. तो मी आज या व्यासपीठावरून कृतज्ञतेने करतो. दोन्ही साधेल असा मार्ग काढायला रेडिओ आणि रेल्वे दोन्ही जाणणारे अभियंते लागतील. ते तुमच्यातून तयार व्हावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता न सुटलेला भाग. २०२३ चे पुरावे भक्कम आहेत, पण शंकेला जागाच उरू नये इतकी खात्री अजून झालेली नाही. आणि या लहरी येतात कुठून? सर्वाधिक संभाव्य उत्तर असं, की दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात तेव्हा त्यांच्या केंद्रांतली, सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाची कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरू लागतात. पण इथेच मोठी अडचण आहे. आजूबाजूचे तारे दूर भिरकावत ही जोडी जवळ येते खरी. मात्र अंतर तीनेक प्रकाशवर्षांवर आलं की भिरकावायला तारेच उरत नाहीत. गणित सांगतं, जोडी तिथेच अडकायला हवी. मग ती पुढे कशी सरकते? वायू मदत करतो? तिसरं कृष्णविवर येऊन धक्का देतं? की या लहरींचा उगम विश्वाच्या अगदी आरंभीच्या काळातला आहे? या प्रश्नांवर अजून एकमत नाही.

मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंची ही वेधशाळा लहान कृष्णविवरांच्या टकरींतून येणाऱ्या, क्षणभरच टिकणाऱ्या लहरी टिपेल. म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या लहरी खोडदला आणि क्षणात संपणाऱ्या हिंगोलीला, असं दोन्ही टोकांचं काम महाराष्ट्रात होईल. तिथे माणसं लागतील. केवळ भौतिकशास्त्राचे पदवीधर नव्हेत. संगणक, वेल्डिंग, निर्वात नळ्या, वीजपुरवठा जाणणारीही. आयटीआयला जाणाऱ्या मुलामुलींनी हे विशेष लक्षात घ्यावं.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदची दुर्बीण सर्वांसाठी खुली असते. शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून माहिती देतात, आणि मराठीत विचारलं तरी उत्तर मिळतं. या वर्षी आई-वडिलांना घेऊन जा. तबकडीपाशी फोटो काढाच, पण त्या तीन प्रकाशवर्षांवर अडकलेल्या जोडीबद्दल तिथल्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारल्याशिवाय परत येऊ नका.