“नुसता गळाच धरला होता”

(मनोरी येथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मघाशी मार्व्याहून फेरीबोटीनं येताना एका ताईंनी विचारलं, “आज कराटे दाखवणार ना?” कराटे नाही, ज्युडो. त्यातलाही एकच डाव, वर बसून गळा आवळायचा. हाच का, ते सांगते.

एम.एस.डब्ल्यू. करताना मी दोन वर्षं ज्युडो शिकले. कुस्तीत गळा दाबणं नियमाबाहेर आहे, ज्युडोत ते चालतं. समोरची उताणी पडलेली असते. आपण तिच्या पोटावर, दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसायचं. मनगटांची फुली करून दोन्ही हात तिच्या कॉलरमध्ये, मानेला लागून जातील तितके आत घालायचे. मग मनगटं वळवायची, कोपरं बाहेर काढायची आणि पुढे झुकायचं. नवख्या मुली दंडाच्या जोरावर ओढतात आणि दमतात. तेवढा जोर लागतच नाही, आपलं वजन पुरतं. दाब नरड्यावर नाही, मानेच्या दोन बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर येतो. मेंदूला रक्त पोचत नाही आणि दहा सेकंदांच्या आत-बाहेर माणूस बेशुद्ध होतो.

खालचीनं हातानं दोनदा थोपटलं की वरचीनं त्याच क्षणी सोडायचं. या एका नियमावर सगळा खेळ उभा आहे. मी एकदा हट्टानं थोपटलं नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात गाज घुमली आणि एकदम आमच्या बाईंचा चेहरा दिसला. मधलं काही आठवत नाही.

पुढे समुपदेशनाचं काम करू लागले. एक बाई सांगत होती, “फार मारलं नाही हो, नुसता गळाच धरला होता.” कसा? पोटावर बसून, दोन्ही हातांनी. मग? “मग काय झालं आठवत नाही. परकर ओला झाला होता, एवढंच.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती बेशुद्ध झाली होती. तिचा नवरा थांबला म्हणून ती माझ्यासमोर बसली होती. तिथे थोपटून कोण सोडतं? त्याआधी अशा बायकांच्या कागदांवर मी स्वतः ‘किरकोळ मारहाण’ लिहिलेलं आहे. हे कबूल करायलाच हवं.

अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या 300 तक्रारी तपासल्या, तेव्हा निम्म्या बायकांच्या गळ्यावर एकही खूण दिसत नव्हती. 2008 सालच्या अमेरिकेतल्याच एका अभ्यासात दिसलं, की ज्या बाईचा गळा घरच्या पुरुषानं आधी कधी दाबलेला असतो, तिचा खून होण्याचा धोका सातपट असतो. म्हणून वळ शोधत बसू नका. आवाज बसला, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके, मधलं आठवत नाही, कपड्यात लघवी झाली, यातलं एक असलं तरी त्याच दिवशी दवाखाना. फेरी बंद झाली असली तर उत्तन-भाईंदरचा लांबचा रस्ता धरा, पण सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना ‘मारलं’ एवढंच सांगू नका. ‘गळा दाबला, शुद्ध गेली’ असं सांगा आणि तसंच लिहून घ्या. आपल्या कायद्यात गळा दाबण्याचा वेगळा गुन्हा नाही, त्यामुळे पोलिसांपुढे त्या कागदाला फार किंमत येते.

मग आपणच त्याचा गळा आवळावा का? हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी हसत हसत येतो, आणि हसणं थांबल्यावर सगळ्या माझ्याकडे बघत राहतात. खरं सांगू? जड पुरुषाला उताणा पाडून वर बसणं सोपं नाही. शिवाय स्वसंरक्षणाचा हक्क धोका असेपर्यंतच. तो ढिला पडला की सोडायचं आणि बाहेर पळायचं. त्यापेक्षा खालून सुटणं आधी शिका. त्याचा एक हात छातीशी घट्ट धरायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायानं अडकवायचा, कंबर जोरात वर उचलायची आणि त्या बाजूला उलटायचं. तो पडेल, पण क्षणभरच. तेवढ्यात दार गाठायचं.

आता दोघीजणी पुढे या. पदर खोचा, मंगळसूत्र काढून ठेवा. आधी थोपटणं. कोणी थोपटलं आणि दुसरीनं सोडलं नाही, तर तिला मी बाहेर बसवणार.