लहान पेटी आणि उष्णतेची वाट



या व्याख्यानमालेत आतापर्यंत इतिहासावर, संतवाङ्मयावर आणि अर्थकारणावर विद्वान वक्त्यांची भाषणे झाली. आज मी आपणापुढे एका पत्र्याच्या पेटीविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल याची मला जाणीव आहे. परंतु ही पेटी आता आपल्या घरात येऊन बसली आहे. मुलांचा अभ्यास, मोठ्यांची नोकरी आणि दुकानाचा हिशेब तिच्यातून चालतो. तेव्हा ती तापते का, अडखळते का, आणि लहान जागेत कशी नांदवावी, याचा विचार करणे अगदीच वावगे ठरू नये.

प्रथम ही गोष्ट माझ्यापर्यंत कशी आली ते सांगतो. माझा पुतण्या वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतो. घर दोन खोल्यांचे, टेबल एक, आणि त्यावर जेवणाची ताटेही यावयाची. त्याला संगणक हवा होता तो मोठ्या इमारतींची चित्रे झरझर काढील असा, आणि जागा मात्र पितळी डब्याएवढीच घेईल असा. आम्ही दोघांनी सुटे भाग आणून जानेवारीत तो जुळवला. पेटीचे आकारमान सुमारे दहा लिटर, म्हणजे पाण्याच्या मध्यम बादलीएवढे. यंत्र उत्तम चालले. टेबल मोकळे राहावे म्हणून आम्ही ते भिंतीतल्या कोनाड्यात सरकवून ठेवले आणि स्वतःच्या कल्पकतेवर खूश झालो.

एप्रिल आला. दुपारी दोन वाजल्यापासून यंत्र रेंगाळू लागे. पंखा किंचाळू लागे. शेवटी परीक्षेची चित्रे सादर करावयाच्या आदल्या दिवशी ते आपणहून बंद पडले आणि चार तासांचे काम गेले. पोरगा रडकुंडीला आला. मला म्हणाला, “काका, आपण स्वस्तातला माल घेतला का हो?” माल चांगला होता. चूक आमच्या समजुतीची होती. ती कोणती, हे समजण्यासाठी थोडे मुळाशी जावे लागेल.

संगणकात शिरणारी वीज जाते कोठे? दिव्यातून उजेड मिळतो, गिरणीतून पीठ मिळते. संगणकातून मिळतात आकडे, अक्षरे आणि चित्रे, आणि त्यांना वजन नसते. पेटीत शिरलेल्या विजेची अखेर जवळजवळ पूर्णपणे उष्णताच होते. यंत्राने दोनशे वॅट वीज घेतली, तर दोनशे वॅटची शेगडी खोलीत पेटवल्यासारखेच झाले. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे यंत्र सुरू करताच खोलीत दोन माणसे अधिक येऊन बसली असे समजावे.

ही अडचण संगणकाच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेत १९४५ साली पुरा झालेल्या एनिॲक यंत्रात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि ते दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज खाई. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले यंत्र १९६० साली कामाला लागले. पुढे त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यात सुमारे सत्तावीसशे नळ्या होत्या, आणि नळी म्हटली की तिच्या पोटात तापलेली तार आलीच. पुढे नळ्या गेल्या आणि नखाएवढ्या चकतीवर कोट्यवधी खटके मावू लागले. प्रत्येक खटक्याची उष्णता नगण्य झाली खरी, पण सगळे खटके एकाच ठिकाणी दाटीवाटीने बसले. आपली कपड्यांची इस्त्री घ्या. हजार वॅट उष्णता तिच्या तळाच्या सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटरवर पसरलेली असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. उलट साध्या प्रोसेसरची पासष्ट वॅट उष्णता दोनेक चौरस सेंटिमीटरच्या चकतीतून निघते. हिशेब केला तर इस्त्रीच्या सहापट दाह झाला! इस्त्रीला तापणे हेच काम असते. प्रोसेसरला मात्र साधारणतः शंभर अंशांच्या आत राहावे लागते. त्याच्या जवळ पोचला की तो आपली गती कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद पडते. पुतण्याचे यंत्र बंद पडले ते बिघडून नव्हे, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी!

आता ही उष्णता काढावयाची कशी? येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. उष्णता नाहीशी करता येत नाही. ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते. चकतीवरून ती धातूच्या ठोकळ्यात जाते, तेथून पातळ पत्र्यांच्या जुडीत, पत्र्यांवरून हवेत आणि हवेबरोबर पेटीबाहेर. या साखळीची एक कडी कच्ची राहिली तरी बाकीच्या कड्यांचा उपयोग होत नाही. चकती आणि ठोकळा यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली, तर तिच्यात हवा भरते, आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. म्हणून तेथे एक लेप लावतात. तो फट भरण्यापुरताच लावावयाचा. भाकरीला लोणी लावावे तसा लावला, तर तोच अडसर होतो.

लहान पेटीत पत्र्यांची जुडी नेमकी प्रोसेसरच्या डोक्यावर उंच उभारता येत नाही, कारण वर जागाच नसते. अशा वेळी तांब्याची पोकळ नळी उपयोगी पडते. १९६३ साली लॉस ॲलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी करून दाखवली. तिच्यातील तत्त्व आपल्या माठातले आणि समईतले आहे. नळीतली हवा काढून थोडेसे पाणी बंद केलेले असते. कमी दाबामुळे ते कमी उष्णतेतच वाफ होते. माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, तशीच ही वाफ प्रोसेसरची उष्णता घेऊन नळीच्या थंड टोकाकडे धावते आणि तेथे ती सोडून पुन्हा पाणी होते. नळीच्या आतल्या बाजूस वातीसारखे अस्तर असते. समईची वात तेल ओढते तसे ते पाणी परत ओढून आणते. पंप नाही, मोटार नाही, आणि उष्णता हवी तेथे वळवता येते. परंतु नळीने उष्णता घटली असे मानू नये. तिने ती फक्त मोकळ्या जागेपर्यंत आणून सोडली. पुढचे काम हवेचेच.

हवेचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. दोनशे वॅट उष्णता वाहून न्यावयाची आणि हवेने त्यात दहा अंशांपेक्षा अधिक तापू नये असे म्हटले, तर मिनिटाला सुमारे हजार लिटर हवा लागते. आमची पेटी दहा लिटरची. म्हणजे तिच्यातली सगळी हवा मिनिटातून शंभर वेळा बदलली पाहिजे! पेटी निम्मी केली तरी हवा हजार लिटरच लागणार, कारण उष्णता तेवढीच आहे. जागा कमी झाली, वाटा अरुंद झाल्या, आणि वाहतूक मात्र पूर्वीइतकीच राहिली. गावातल्या जुन्या बाजारपेठेत सणाच्या दिवशी काय होते ते आपण जाणताच.

त्यातच लहान पेटीत मोठा पंखा मावत नाही. सारख्याच घडणीचे दोन पंखे घेतले, तर निम्म्या व्यासाच्या पंख्याला तेवढीच हवा फेकण्यासाठी आठपट वेगाने फिरावे लागते. बारा सेंटिमीटरचा पंखा मिनिटाला आठशे फेऱ्यांत जे काम करतो, त्यासाठी सहा सेंटिमीटरच्या पंख्याला चौसष्टशे फेऱ्या घ्याव्या लागतील. पंखा का किंचाळतो, ते यावरून ध्यानात यावे.

मग पंखाच नको, असे कोणी म्हटले नाही काय? म्हटले, आणि मोठ्या हिमतीने करूनही दाखवले. ॲपल कंपनीने जुलै २००० मध्ये ‘क्यूब’ नावाचा संगणक जाहीर केला. सुमारे वीस सेंटिमीटरचा घन, पारदर्शक आवरणात जणू अधांतरी ठेवलेला. पंखा नाही. खालून थंड हवा शिरावी, तापून हलकी व्हावी आणि वरच्या जाळीतून निघून जावी, असे धुराड्याचे तत्त्व त्यात होते. वीजपुरवठ्याचा तापणारा भाग पेटीबाहेर काढून ठेवला होता. रूप इतके देखणे की न्यू यॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले. परंतु किंमत भारी, आणि अधिक ताकदीचे भाग बसवावयाला वाव थोडा. वर्षभरातच, जुलै २००१ मध्ये, त्याचे उत्पादन थांबवण्यात आले.

त्याच कंपनीने २०१३ साली दुसरा प्रयोग केला. पंचवीस सेंटिमीटर उंचीचे एक काळे नळकांडे, मध्यभागी धातूचा त्रिकोणी गाभा, त्याच्या तीन बाजूंना उष्णतेचे तीन उगम आणि वर एकच मोठा पंखा. कल्पना नामी होती. तिघांची उष्णता एकाच गाभ्यात आणि एकाच वाऱ्यावर! तीनही बाजूंची उष्णता बेताची राहील, हे मात्र त्यात गृहीत होते. पुढे जग वेगळ्या दिशेने गेले. दोन मध्यम ग्राफिक्स कार्डांऐवजी एकच जबर कार्ड लोकांना हवेसे झाले, आणि ते त्या त्रिकोणाच्या एका बाजूस पेलणारे नव्हते. आपल्याच रचनेमुळे उष्णतेच्या बाबतीत आपण कोंडीत सापडलो, हे २०१७ साली कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांपुढे मोकळेपणाने कबूल केले. २०१९ साली त्या जागी पुन्हा मोठी, ऐसपैस पेटी आली.

या दोन उदाहरणांवरून लहान पेटी करणे हाच मूर्खपणा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. २००१ साली निघालेली सतरा सेंटिमीटर चौरस मुख्य फळी आज जगभर वापरली जाते आणि तिच्याभोवती उत्तम लहान यंत्रे बांधली जातात. कोणी मुख्य फळी आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून बसवतात. मग प्रत्येकाला स्वतःच्या बाजूची ताजी हवा मिळते आणि एकाचा उच्छ्वास दुसऱ्याला घ्यावा लागत नाही. कोणी वायरी अचूक लांबीच्या घेतात, कारण वायरींचा गुंता म्हणजे वाऱ्याच्या वाटेतली काटेरी कुंपणेच. शहाणपण एवढेच की लहान आकार, शांतता आणि ताकद या तिघींना एकाच वेळी पूर्ण प्रसन्न करता येत नाही. एकीच्या बाबतीत तडजोड करावी लागते, आणि कोणत्या, ते भाग विकत घेण्यापूर्वी ठरवावे लागते.

आता आमच्या कोनाड्याकडे वळतो. दुसऱ्या दिवशी मी साधा तापमापक घेतला. खोलीत अडतीस अंश होते. कोनाड्यात, पेटीची हवा आत शिरते तेथे, बावन्न! पेटीने टाकलेली गरम हवा तीन भिंतींवर आदळून परत तिच्याच तोंडात जात होती. पेटीच्या आतली आमची सगळी व्यवस्था बरोबर होती. पण पेटी ज्या खोलीत, ज्या ऋतूत आणि ज्या गावात ठेवावयाची, तो भाग आम्ही हिशेबातच धरला नव्हता. बाहेरची हवा दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही सुमारे तेवढाच अधिक तापतो. जानेवारीत जे निभावले, ते एप्रिलमध्ये निभावले नाही. थंड देशात छापलेल्या पुस्तिकेत आपला वैशाख नसतो, तो आपला आपणच मिळवावयाचा असतो.

आम्ही पेटी कोनाड्यातून काढून टेबलाच्या कडेला, भिंतीपासून वीतभर दूर ठेवली. आत येणाऱ्या हवेवर धुळीची जाळी बसवली आणि ती दर पंधरवड्याला धुण्याचे काम पुतण्याकडे दिले. प्रोसेसरची अत्युच्च गती थोडी उतरवली. कामात फरक जाणवला नाही, उष्णतेत मात्र बराच पडला. त्या उन्हाळ्यात यंत्र पुन्हा बंद पडले नाही. गेलेली चित्रे त्याने रात्रभर जागून पुन्हा काढली आणि ती वेळेवर सादर झाली.

आपल्या जुन्या वाड्यांत मध्ये चौक असे. जमिनीचा भाव मोजणाऱ्याला ती जागा फुकट गेलेली वाटते. पण सारे घर श्वास घेई ते त्या चौकातून. लग्नाच्या दिवशी पंगत बसे ती त्याच चौकात. पेटीतली मोकळी जागाही अशीच असते. आज ती वाऱ्याच्या उपयोगी पडते, आणि उद्या येणाऱ्या, आज माहीत नसलेल्या पाहुण्याचे पानही तेथेच मांडता येते. काळ्या नळकांड्यात त्या पाहुण्याला जागा ठेवली नव्हती.

पुतण्या आता शेवटच्या वर्षात आहे. परवा त्याने मला एका लहान घराचा आराखडा दाखवला. दोनच खोल्या, पण समोरासमोर खिडक्या. मी विचारले, “ही भिंत पुढे घेतली असतीस तर कपाट बसले असते की रे!” तो म्हणाला, “काका, मग वारा कोठून जाणार?” चार तासांचे काम वाया गेले होते खरे, पण ते अगदीच फुकट गेले असे मला आता वाटत नाही.