पाठीवरचं मूल आणि किल्ल्याचा चढ
(इंदरगंज, लष्कर-ग्वाल्हेर येथे शरद व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मागच्या रांगांत लहान मुलं दिसताहेत, हे मला फार बरं वाटलं, कारण आजचा विषय त्यांचाच आहे. तान्ह्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांना घेऊन डोंगर-किल्ले पायी कसे चढावेत आणि त्यासाठी पाठीवर अडकवायचं जे बेबी कॅरियर मिळतं ते कसं वापरावं, याबद्दल मी बोलणार आहे.

फुलबाग इथून जवळच आहे. तिथे राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मध्ये त्या ग्वाल्हेरजवळच्या लढाईत पडल्या. एप्रिलमध्ये झाशी सोडताना त्यांनी दत्तक मुलाला, दामोदररावांना, पाठीशी बांधलं होतं, असं आपण ऐकत आलो. चित्रांत ते मूल दोन-तीन वर्षांचं दिसतं. प्रत्यक्षात दामोदरराव तेव्हा आठ वर्षं पूर्ण केलेला मुलगा होता. तो वाचला, पुढे इंदुरात राहिला आणि १९०६ साली वारला. पण त्या चित्रामुळे आपल्या मनात एक गोष्ट पक्की बसली: मूल पाठीवर घेणं म्हणजे पराक्रम. रायगडची हिरकणीही तशीच. बाळासाठी कडा उतरून गेलेली आई आपण पिढ्यान्‌पिढ्या मनात जपली आहे. या दोघींना माझा नमस्कार. पण संकटात मूल आईच्या वेगाने जातं. रविवारी सकाळी किल्ला बघायला निघालो की आईबापांनी मुलाच्या वेगाने जायचं असतं. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सगळं याचाच तपशील आहे.

मूल पाठीला बांधून काम करणाऱ्या बायका या शहरात रोज दिसतात. बांधकामावर विटा वाहणारी मजूर बाई जुन्या लुगड्याने बाळ पाठीशी घट्ट आवळते. आफ्रिकेतही हीच रीत आहे. ॲन मूर नावाची अमेरिकन परिचारिका १९६०च्या दशकात पीस कोअर या स्वयंसेवक-योजनेतर्फे पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात गेली. तिथली बाळं आईच्या पाठीवर शांत असतात, हे तिच्या लक्षात आलं. घरी परतल्यावर स्वतःच्या मुलीसाठी तिने आपल्या आईकडून तशी झोळी शिवून घेतली आणि १९६९मध्ये तिचं पेटंट मिळवलं. ‘स्नगली’ या नावाने ती घरोघरी पोचली. आज दुकानात जे मिळतं त्याच्या मुळाशी कष्टकरी आयांचं हे ज्ञान आहे. म्हणून घरातल्या आजींना मी सांगतो, सूनबाईंनी कॅरियर आणलं तर नाक मुरडू नका. ही रीत तुमचीच आहे.

आता वयाचं बघू. पहिले तीन-चार महिने बाळ मान नीट धरत नाही. त्याला कापडी झोळीत छातीशी, उभं आणि घट्ट घ्यावं. त्याचं तोंड कायम दिसलं पाहिजे आणि मान वाकवली की आपल्याला त्याच्या डोक्याचा पापा घेता आला पाहिजे. त्याची हनुवटी छातीवर टेकू देऊ नका. बाळाची श्वासनलिका अरुंद असते. मान पुढे दुमडली की श्वास कोंडतो आणि ते रडतही नाही. हा धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो. मांड्यांना आधार हवा, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर आणि पाय फाकलेले हवेत. पाय सरळ लोंबकळत ठेवले तर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो.

धातूच्या चौकटीचं, पाठीवरचं मोठं कॅरियर त्यानंतरचं. मूल आधाराशिवाय बसू लागलं की ते वापरता येतं. चांगल्या बनावटीच्या कॅरियरवर एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते, बहुधा २० ते २२ किलो. त्यात मूल, पाणी, कपडे सगळं आलं. कॅरियरचं स्वतःचं वजनच तीन-साडेतीन किलो असतं. म्हणजे अकरा किलोचं मूल घेतलं तर पाठीवर पंधरा-सोळा किलो सहज होतात. हा भार कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा. खांद्याच्या पट्ट्यांनी तो फक्त सावरायचा. पट्टा पोटावर बांधला की तासाभरात खांदे भरून येतात. तो कमरेच्या हाडावर बसवा. आणि मूल घेण्याआधी तेवढ्याच वजनाची तांदळाची पिशवी घालून घराचे जिने चढून-उतरून बघा.

आता आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याकडे वळू. गाडी उरवाईच्या रस्त्याने थेट वर जाते, म्हणून लष्कर भागातली कितीतरी मुलं किल्ला फक्त गाडीच्या काचेतून बघतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्ही किलागेटकडून जा. तिथून चढ पायी आहे, वाहनं नाहीत. आलमगिरी दरवाज्यातून आत आलात की जवळच गुजरी महाल आहे. तिथून दगडी फरसबंदीचा चढण-रस्ता सुरू होतो. मोठ्या माणसाला तो अर्ध्या तासाचा. मुलाबरोबर दीड तास धरा आणि घाई कुणालाच करू देऊ नका. दोन-अडीच वर्षांचं मूल असेल तर पायथ्याशी त्याला खाली उतरवून चालू द्या. ते थकलं की पाठीवर घ्या, ताजंतवानं झालं की पुन्हा उतरवा. कॅरियर थकलेल्या पायांसाठी आहे. सबंध चढ त्यात बसून झाला तर मुलाला किल्ला कळत नाही.

वाटेत एका खडकातून कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. तिथे इसवी सन ८७६चा शिलालेख आहे आणि त्यात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेले आहेत. जगभरचे अभ्यासक ते शून्य बघायला येतात. अंक शिकणाऱ्या मुलाला तिथे थांबवा आणि शून्य शोधायला लावा. पुढे हत्ती पोळ आणि मग मानसिंह तोमरांचं मानमंदिर. त्याच्या भिंतीवरच्या निळ्या-पिवळ्या फरशांत बदकांची रांग आहे, हत्ती आहेत, मगरी आहेत, केळीची झाडं आहेत. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी भिंत जणू लहान मुलांसाठीच सजवली आहे. मुलं तिथून हलत नाहीत, त्यांना हलवू नये. आत तळघरात मात्र अंधार, अरुंद जिने आणि ठेंगणी दारं आहेत. कॅरियरमधल्या मुलाचं डोकं आपल्या डोक्याच्या वर असतं, हे दारातून वाकताना आपण विसरतो. तिथे मूल उतरवून छातीशी धरा. तटाच्या कडेला तर कॅरियर खाली टेकवून ठेवूच नका. त्याचा पाय सपाट जमिनीवरच उभा राहतो, आणि मूल एका बाजूला झुकलं की तेही कलंडतं.

चढापेक्षा उतार अवघड. त्या फरसबंदीचे दगड पावलांनी गुळगुळीत झाले आहेत आणि थंडीत सकाळी दव असतं. घसरून माणूस बहुधा मागे पडतो आणि मागे मूल असतं. पकड असलेले बूट, हातात काठी आणि दोन पावलं मागे घरातलं दुसरं माणूस, एवढं हवंच. आपल्याला न दिसणाऱ्या मुलाकडे त्या मागच्या माणसाचं लक्ष राहतं. मी तर म्हणेन, चढून जा आणि परत उरवाईच्या बाजूने गाडीने उतरा. वाटेत कातळात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत. त्यांतली सर्वांत उंच १७ मीटरच्या आसपास आहे. तिच्या पायाशी मुलाला उभं करा.

ऋतूचं सांगायलाच हवं. एप्रिल ते जूनचं नावच नको. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तो खडक संध्याकाळीही भाजतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत जा. पण थंडीतही एक गोष्ट हमखास फसवते. चालणाऱ्याला घाम येतो, म्हणून तो स्वेटर काढतो आणि मुलालाही गरम होत असेल असं समजतो. मूल तर नुसतं बसलेलं असतं, त्याचं अंग तापतच नाही. त्याच्या मानेमागे हात घालून बघा, पावलं चाचपा, मोजे वाढवा. दर अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर काढून पाय मोकळे करू द्या.

यात्रांबद्दल थोडं. इथली कुटुंबं वैष्णोदेवीला जातात आणि लहान मूल पिठ्ठूच्या, म्हणजे ओझी वाहणाऱ्या मजुराच्या, पाठीवर देतात. पिठ्ठू भरभर चालतो, आई मागे राहते, गर्दीत मूल दिसेनासं होतं आणि त्या तासात मूल फार घाबरतं. पिठ्ठूचं नोंदणी-कार्ड बघा, मजुरी न घासता द्या आणि त्याच्या सोबतीने चाला. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. तिथे कंडीत, म्हणजे मजुराच्या पाठीवरच्या टोपलीत, बसवलेल्या तान्ह्या बाळाला उंचीचा त्रास झाला तर ते बोलून सांगू शकत नाही. दूध सोडतं, किरकिरतं, मलूल होतं, आणि आपण म्हणतो, दमलंय. अशा वेळी एकच उपाय: ताबडतोब खाली उतरा. अमरनाथला तेरा वर्षांखालच्या मुलांना परवानगीच नाही, हा नियम मला योग्य वाटतो. देव कुठे जात नाही. मूल मोठं होईपर्यंत थांबावं.

महाराष्ट्रात नातेवाइकांकडे गेलात तर लोहगडाच्या पायऱ्या मुलाला घेऊन होतात. हरिहरच्या उभ्या पायऱ्या आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्या पाठीवर मूल घेऊन चढू नयेत, कितीही सराव असला तरी. इथे जवळपास पावसाळ्यात धबधब्यांचा मोह होतो. १५ ऑगस्ट २०१८ला सुलतानगढच्या धबधब्यावर अचानक पाणी वाढलं आणि माणसं वाहून गेली. मूल पाठीवर असेल तर वाहत्या पाण्यात पाऊल टाकायचं नाही. त्यापेक्षा मुरैना जिल्ह्यातलं मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर बघा. टेकडी जेमतेम तीस मीटर उंच, वर गोल मंदिर आणि मोकळं अंगण. पहिल्या पायी चढासाठी या भागात त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

शेवटी एक विनंती. चांगलं कॅरियर महाग असतं, चौकटीचं तर वीस हजारांच्या पुढेही जातं, आणि दोन-अडीच वर्षांत मूल त्यात मावेनासं होतं. लष्कर भागातल्या कितीतरी घरांत अशी कॅरियर माळ्यावर पडून असतील. ती इथे आणून द्या. बकलं, शिवण आणि पट्टे तपासून आपण ती ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी आठ-आठ दिवसांसाठी कुटुंबांना देऊ. नोंदवही आज दाराशी ठेवली आहे. ज्यांच्याकडे कॅरियर आहे आणि ज्यांना हवं आहे, त्या दोघांनीही जाताना नाव लिहून जावं.