खडक चढणाऱ्या मोटारीचीं चाकें



ज्या बिनतारी लहरींवरून माझा आवाज आपल्या घरांत येत आहे, त्याच जातीच्या लहरींच्या आज्ञेंत वागणाऱ्या एका लहानशा मोटारीविषयीं आज मला बोलावयाचें आहे. ही मोटार शर्यतींत धांवणारी नव्हे. तिचा वेग माणसाच्या चालीहून क्वचितच अधिक असतो. खऱ्या जीपगाडीच्या सुमारें एक-दशांश आकाराची ही गाडी हातांतील नियंत्रकाच्या इशाऱ्यावर दगडधोंड्यांवरून, कपारींतून आणि ओढ्याच्या पात्रांतून सावकाश वर चढत जाते. इंग्रजींत तिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. आपण तिला खडकचढी मोटार म्हणूं.

अशी मोटार घरांत आली कीं पहिल्या रविवारीं ती टेकडीवर जाते, आणि बहुधा पहिल्याच मोठ्या दगडावर तिचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. मग घरांत विचारविनिमय सुरू होतो. कोणी म्हणतो, अधिक जोरदार मोटर बसवा. कोणी म्हणतो, आणखी मोठीं चाकें घ्या. आणि मुलाची दृष्टि तर दुकानांतील चकचकीत धातूच्या चाकांवर खिळलेली असते. या तिन्ही सल्ल्यांत पैसा खर्च होतो. गाडी चढेलच असें मात्र नाहीं. कधीं कधीं तर आंतील दांतेरी चाकांचे दांत झडतात, मोटर जळते, आणि महाग खेळणें कपाटावर जाऊन बसतें. म्हणून चाकें व टायर निवडतांना कोणता विचार आधीं करावा आणि कोणता मागून, एवढेंच आज सांगण्याचें योजिलें आहे.

हा छंद ज्या खऱ्या गाड्यांवरून निघाला, त्यांच्याकडे प्रथम पाहूं. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें सिएरा नेव्हाडा पर्वतांतून टाहो सरोवराकडे जाणारी रुबिकन नांवाची एक बिकट वाट आहे. १९५३ सालीं त्या वाटेवरून जीपगाड्यांची पहिली जांबोरी निघाली. यूटा संस्थानांतील मोॲब या गांवीं १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास अशाच गाड्यांचा मेळावा भरत आला आहे. रुबिकनचा दगड ग्रॅनाइटचा, प्राचीन हिमनद्यांनीं कित्येक ठिकाणीं घासून गुळगुळीत केलेला. मोॲबचा दगड वालुकाश्माचा, कानशीसारखा खरखरीत. परंतु दोन्हीं ठिकाणीं अनुभवी चालक खडक चढण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य करतात. रस्त्यावर दर चौरस इंचास ३० पौंडांहून अधिक असलेला टायरांतील हवेचा दाब ते निम्म्यावर, किंवा त्याहूनही खालीं आणतात. दाब कमी झाला कीं टायर सैल पडतो, दगडाच्या उंचवट्यांवर पसरतो आणि त्यांना कवळून धरतो. इंजिनाचा जोर तोच राहतो. दगडाशीं असलेली भेट मात्र वाढते. आपल्या लहान गाडीचेंही सर्व रहस्य या भेटींत आहे. चार टायर मिळून जेवढ्या जागेंत दगडाला टेकतात, तेवढ्या जागेवर साऱ्या गाडीचें यशापयश अवलंबून असतें.

यांत पहिला विचार रबराचा. टणगट रबर दगडाच्या माथ्यांवरच टेकतें; मऊ रबर त्याच्या बारीक खांचांत शिरतें. म्हणून कोरड्या, खरखरीत खडकासाठीं शक्य तितकें मऊ रबर घ्यावें. तें लवकर झिजतें, ही त्याची किंमत होय. अंगठ्यानें दाबून पाहिल्यास मऊ रबराचा उंचवटा सहज वांकतो व सोडतांच सावकाश पूर्वस्थितीवर येतो. टायरावरील नक्षीचाही विचार येथेंच करावा. चिखलासाठीं मोठे व एकमेकांपासून दूर असलेले ठोकळे चांगले, कारण त्यांमधून चिखल झडून जातो. खडकासाठीं मात्र लहान, दाट आणि बारीक चिरा पाडलेले ठोकळे हवेत. प्रत्येक चीर म्हणजे दगडाला धरणारी एक नवी कड होय. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण कोरडा असतां मऊ रबराला चांगला धरतो. पण पावसाळ्यांत त्यावर शेवाळ चढलें म्हणजे कोणत्याही रबराचा इलाज चालत नाहीं. तेव्हां गाडी जेथें चालवावयाची, तेथील दगड आधीं पाहावा आणि मग दुकानांत जावें.

दुसरा विचार टायराच्या पोटाचा. या लहान टायरांत हवा भरलेली नसते. आंत स्पंजाचें कडें असतें, आणि दाब कमी-अधिक करण्याचें काम तोच स्पंज करतो. म्हणून चाकाला किंवा टायराला हवा बाहेर जाण्यासाठीं छिद्रें ठेवलेलीं असतात. तीं बुजवूं नयेत. स्पंज फार टणक असला तर मऊ रबरही फुकट जातें. तो फार मऊ असला तर गाडी आडव्या उतारावर असतां खालच्या बाजूचा टायर दुमडतो आणि गाडी कलंडते. यावर उपाय म्हणून दुहेरी स्पंज निघाले आहेत. त्यांत चाकालगतचें कडें घट्ट असतें व बाहेरचा थर मऊ असतो. आंतला भार सोसतो, बाहेरचा दगडाचा आकार घेतो. आणखी एक भेद लक्षांत ठेवावा. उघड्या छिद्रांचा मऊ स्पंज पाण्यांत भिजून जड होतो. बंद छिद्रांचा तसा भिजत नाहीं. ज्याला ओढ्यांतून गाडी न्यावयाची आहे, त्यानें हें आधींच पाहून घ्यावें.

तिसरा विचार आकाराचा, आणि येथेंच फसगत अधिक होते. एक-दशांश गाडीसाठीं बहुधा १.९ इंचांचीं किंवा २.२ इंचांचीं चाकें मिळतात. हें माप टायराच्या बाहेरील घेराचें नसून, टायर ज्यावर बसतो त्या चाकाच्या व्यासाचें असतें. आतां समजा, १०८ मिलिमीटर व्यासाचा टायर काढून आपण १२० मिलिमीटरांचा बसविला. दिसण्यांत गाडी फार उंच वाटते. पण आंसाखालची मोकळी जागा वाढली ती व्यासाच्या वाढीच्या निम्मी, म्हणजे अवघी ६ मिलिमीटर. उलट तोच चढ चढण्यास मोटरला सुमारें ११ टक्के अधिक पीळ द्यावा लागतो. विजेचा प्रवाह त्याच प्रमाणांत वाढतो, आणि गुंडाळ्यांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यानें ती जवळजवळ सव्वापट होते. शिवाय सारी गाडी ६ मिलिमीटर वर उचलली जाते. गुरुत्वमध्य ८० मिलिमीटर उंचीवर आणि दोन्हीं बाजूंच्या चाकांमधील अंतर २०० मिलिमीटर धरलें, तर गाडी सुमारें ५१ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. मोठ्या टायरांनीं तीच ४९ अंशांवर कलंडेल. मोठें चाक मोठी पायरी चढतें, हें खरें. पण त्याचें मोल असें चुकवावें लागतें. गिअर बदलून गति कमी करण्याची सोय नसेल, तर मूळच्या टायराच्या आकारापासून फार दूर जाऊं नये.

ज्यांना हुबेहूब प्रतिकृतीची हौस आहे, त्यांच्यासाठीं एक गोष्ट सांगतों. दुसऱ्या महायुद्धांतील जीपचा टायर सुमारें २८ ते २९ इंच उंच असे. त्याचा दशांश घेतला तर तीन इंचही भरत नाहीं. आणि १०८ मिलिमीटरांचा टायर दसपट केला तर तो ४२ इंचांहून मोठा होतो! जुन्या गाड्यांच्या रूपाशीं अधिक जुळणारीं १.५५ इंचांचीं चाकेंही मिळतात. रूप आणि चढण्याची ताकद यांपैकीं आपणांस काय अधिक हवें, हें स्वतःशीं प्रामाणिकपणें ठरवावें. दोहोंचा आग्रह एकाच टायराकडे धरूं नये.

चौथा विचार वजनाचा. चढावर गाडीचा भार मागें सरकतो, पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि अखेर गाडी मागच्या मागें उलटते. आंसांतील अंतर ३१३ मिलिमीटर, गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर आणि ८० मिलिमीटर उंच असला, तर ही वेळ सुमारें ६३ अंशांवर येते. वजनाचा ६० टक्के भाग पुढच्या आंसावर आणला, तर ती ६७ अंशांपर्यंत लांबते. अर्थात् त्यापूर्वीं टायरच घसरले नाहींत तर. म्हणून बॅटरी शक्य तितकी पुढें ठेवावी आणि पुढच्या चाकांत पितळी कडीं बसवावीं. अडीच किलो वजनाच्या, समतोल गाडीच्या पुढील दोन चाकांत शंभर शंभर ग्रॅम घातले, तर पुढचा भाग ५० वरून सुमारें ५४ टक्क्यांवर जातो आणि गुरुत्वमध्यही दोनएक मिलिमीटर खालीं येतो. हेंच वजन टपावर ठेवलें तर तें घातक ठरेल. चाकांतील वजन मात्र मोटरला फिरवावें लागतें, सुकाणूच्या यंत्रालाही ओढावें लागतें. म्हणून तें थोडें थोडें वाढवावें.

आतां चाकाविषयीं. प्रथम तुंब्याचें माप पाहावें. एक-दशांश गाड्यांत तो बहुधा १२ मिलिमीटरांचा षट्कोनी असतो. याहून फार लहान गाड्यांत तो निराळा असतो. टायर चाकाला डिंकानें चिकटविलेला असला तर आंतील स्पंज बदलतां येत नाहीं. कड्याला स्क्रू लावून टायराची कड आवळून धरणारीं चाकें महाग असतात, परंतु त्यांत स्पंज बदलून पाहण्याची सोय असते आणि नवशिक्याला हीच सोय सर्वांत उपयोगी पडते. चाक फार बाहेर काढून बसविल्यास आडव्या उतारावर स्थैर्य वाढतें. मात्र वळतांना चाक मोठा वळसा घेतें व सुकाणूवर ताण येतो. या गाड्यांत चारी चाकें बहुधा एकमेकांशीं पक्कीं जखडलेलीं असतात. म्हणून पुढचे टायर एका व्यासाचे व मागचे दुसऱ्या व्यासाचे कधींही लावूं नयेत. दोन्हीं आंस परस्परांशीं झगडत राहतात आणि दांत झिजतात.

शेवटीं, घरच्या घरीं करतां येईल अशी एक परीक्षा. एका फळीवर जाड पॉलिशपेपर चिकटवा. गाडीचीं चाकें फिरणार नाहींत अशीं बांधा, गाडी फळीवर ठेवा आणि फळीचें एक टोंक हळूहळू उचला. गाडी कोणत्या कोनावर घसरते, तें वहींत लिहून ठेवा. मग केवळ स्पंज बदला व पुन्हां पाहा. मग केवळ वजन. मग केवळ टायर. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे सुधारणा कशामुळें झाली हें निश्चित कळतें. हा खेळ मुलाबरोबर बसून खेळल्यास, पदार्थविज्ञानांतील घर्षण आणि गुरुत्वमध्य हे धडे त्याला निराळे शिकवावे लागणार नाहींत.

तेव्हां खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधीं रबर, मग स्पंज, मग थोडें पितळ, त्यानंतर गरज भासल्यास स्क्रूचीं चाकें, आणि अधिक जोरदार मोटर अगदीं शेवटीं. बहुतेक घरांत तिची पाळी येणारही नाहीं.