हातातील वायरलेस संचाचा अँटेना

हौशी रेडिओचालक, म्हणजेच हॅम, वापरतात त्या हातात मावणाऱ्या वायरलेस संचाचा पल्ला केवळ त्याच्या 5 वॅट शक्तीवर नव्हे, तर ती शक्ती अवकाशात सोडणाऱ्या अँटेनावर आणि त्याच्या उंचीवरही अवलंबून असतो. भारतात परवानाधारक हॅम वापरतात त्या 144 ते 146 मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात तरंगलांबी, म्हणजे लहरीच्या लगतच्या दोन शिखरांमधील अंतर, सुमारे 2 मीटर असते. त्यामुळे तिच्या एक-चतुर्थांश, म्हणजे जवळपास 50 सेंटिमीटर लांबीचा सरळ अँटेना कार्यक्षम ठरतो, तर संचासोबत येणारा रबरी आवरणाचा आखूड अँटेना वेटोळ्या तारेचा असल्याने बरीच शक्ती वाया घालवतो.

अँटेना पेचाचा असेल, तर योग्य जोडणीचा नवा अँटेना बसवणे पुरते. तो पक्का जडवलेला असेल, तर संच उघडून बाहेरील अँटेनासाठी जोडणी बसवावी लागते आणि त्या जोडणीपासून येणाऱ्या समाक्ष (कोॲक्सियल) तारेचा मधला वाहक मूळ अँटेनाच्या जागी, तर भोवतालची जाळी मंडलाच्या भूबिंदूला डाखावी लागते. अँटेनाचा संरोध, म्हणजे उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, संचाच्या 50 ओहमशी जुळला नाही, तर काही शक्ती परत फिरते आणि प्रेषक ट्रान्झिस्टर तापतो.

अमेरिकेतील परवानामुक्त एफआरएस (फॅमिली रेडिओ सर्व्हिस) संचांत मात्र अँटेना न निघणारा असणे नियमानेच बंधनकारक आहे. म्हणून असा बदल करण्यापूर्वी संचाला लागू असलेला नियम तपासणे अत्यावश्यक ठरते.