ओल आहे तोवर पेरणी

मागच्या कार्यक्रमानंतर अष्टमीतल्या एक ताई भेटल्या. म्हणाल्या, "मोबाईलवर बघितलं, परदेशात अळंबीपासून केलेल्या औषधानं डिप्रेशन बरं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात अळंबी येतेच की बाजारात. मग माझ्या जावेला का देऊ नये?" त्यांची जाऊ दोन वर्षं गोळ्या घेते आहे. तरी सकाळी उठून चहा टाकायचंही तिच्या जिवावर येतं. घरचं माणूस असं विझत चाललेलं दिसलं की कुणीही हा प्रश्न विचारेल. म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

आधी एक स्पष्ट सांगते. आपण वारुळावरची अळंबी आणून कालवण करतो, ती वेगळी. त्या औषधाचं नाव सिलोसायबिन. ते काही वेगळ्या जातींच्या अळंब्यांत असतं. त्यानं काही तास माणसाला भास होतात, जुन्या आठवणी उसळून येतात. रानातली अनोळखी अळंबी औषध म्हणून खाल्ली, तर जीवही जाऊ शकतो.

आता त्या बातमीतलं खरं काय, ते बघू. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं 2020 मध्ये नैराश्य असलेल्या 24 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना सिलोसायबिन फक्त दोनदा दिलं. वर्षभरानंतरही त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा आजार ओसरलेला होता. माणसं थोडीच होती, हे लक्षात ठेवायचं. पण व्हिडिओत एक गोष्ट सांगत नाहीत. त्या दोन डोसांच्या आधी आणि नंतर मिळून प्रत्येकाशी सुमारे 11 तास समुपदेशकांनी बोलणं केलं होतं.

दुसरा अभ्यास 2021 चा, एमडीएमए या औषधाचा. मोठ्या आघातानं मन दुखावलेले 90 जण त्यात होते. औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी 67 टक्के लोकांत शेवटी त्या आजाराचं निदान उरलं नाही. ज्यांना औषधाच्या जागी नुसती खोटी गोळी दिली, पण समुपदेशन तेवढंच मिळालं, त्यांच्यातही 32 टक्के लोक त्यातून बाहेर आले. म्हणजे औषधाशिवाय, नुसत्या नीट बोलण्यानं, दर तिघांतला जवळपास एक.

आपल्याकडे भात कापलं की जमिनीत ओल असते, तेवढ्यात आपण वाल पेरतो. ओल गेली की पेरून उपयोग नाही, आणि ओल आहे पण पेरलंच नाही तर गवत माजतं. या औषधांचं तसंच आहे. त्यांच्यामुळे मन काही दिवस मऊ होतं. तेवढ्या दिवसांत कुणीतरी जाणत्यानं सोबत बसून, वर आलेलं दुःख समजून घ्यायला आणि रोजचं वागणं बदलायला मदत केली, तर फरक टिकतो.

आपल्या देशात सिलोसायबिन, एलएसडी, एमडीएमए 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात येतात. विकणं, जवळ बाळगणं गुन्हा आहे. मात्र केटामाइन हे भूल देण्याचं जुनं औषध आहे. नैराश्य इतर गोळ्यांना दाद देत नसेल, तर काही मानसोपचारतज्ज्ञ ते देखरेखीखाली देतात. मुंबई-पुण्यात ही सोय आहे. त्याचा गुण कधीकधी काही तासांत दिसतो, पण एका डोसाचा परिणाम बहुधा काही दिवसांत, आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. त्या दिवसांत समुपदेशन झालं नाही, तर पैसे गेले आणि दुखणं तिथंच. त्याचं व्यसनही लागू शकतं.

आणि बायकांनी हे नीट ऐका. या औषधांच्या अमलाखाली माणूस लहान मुलासारखं दुसऱ्याच्या हवाली होतं. कॅनडातल्या एका चाचणीत उपचार करणाऱ्यानंच रुग्ण बाईशी नको ती सलगी केली. त्याची चित्रफीत बाहेर आली. हे डॉक्टरांच्या अभ्यासात घडलं. मग गोव्याच्या पार्टीत किंवा कुण्या बाबाच्या शिबिरात काय होईल, तुम्हीच विचार करा. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर धोका आणखी वाढतो. अशा लोकांना या चाचण्यांत घेतच नाहीत.

मग त्या ताईंच्या जावेनं काय करायचं? चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांना सरळ विचारायचं, "दोन वर्षं झाली, गुण नाही, औषध बदलायचं का? समुपदेशन कुठे मिळेल?" अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार होतात. 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. जीव नकोसा वाटतो असं कुणी म्हणालं, तर तिला एकटीला सोडू नका, लगेच फोन लावा.

त्या ताईंना मी एवढंच म्हटलं, औषधाचं डॉक्टर बघतील. तुम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास जावेबरोबर कुंडलिकेच्या पुलापर्यंत चालत जा. तिला उपदेश करू नका. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तरी सोबत चाला. परवा त्या दोघी मला पुलावर दिसल्या. बोलत नव्हत्या, पण चालत होत्या.